बोटीवरचे पांढरे डाग (लेक ट्रॅव्हिस)

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, पण लेक ट्रॅव्हिसवर (आपल्या टेक्ससमधला तलाव) बोट असलेली दोन-चार घरं इथे आहेत म्हणून विचारतोय. एप्रिलमध्ये बोटीच्या गडद निळ्या हलवर (बाहेरच्या अंगावर) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी झटकणारा संरक्षक थर, करून घेतलं. दुकानदार म्हणाला होता, आता पाणी टिकणारच नाही. परवा बोट ट्रेलरवर घेतली, तर घरी पोचेपर्यंत बाजूभर हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या चकत्या! साबणाने हलत नाहीत. कोटिंगचे पैसे पाण्यात गेले का? पंधरा दिवसांवर सहल आहे.

– सीडर पार्कचा नवा बोटवाला

---

चिंच लाव की! गौरीच्या आधी ताम्हण कशाने घासतोस?

– राउंड रॉकची काकू

---

काकू, दिशा बरोबर आहे. चिंचेतलं आम्लच काम करतं. फक्त चोथा घेऊन निळ्या रंगावर घासू नका, ओरखडे उठतील.

बाळा, कोटिंग शाबूत असावं. आपल्या भागात सगळा चुनखडक, त्यामुळे तलावाचं पाणी जड. गावाकडे बोअरच्या पाण्याने बादलीला बसतो तोच हा थर, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. कोटिंग डाग थांबवत नाही, पाण्याचे गोल थेंब करतं. थेंब घरंगळला तर उत्तम. तिथेच वाळला तर त्यातला सगळा क्षार एका जागी उरतो. म्हणून तुझ्या चकत्या इतक्या रेखीव!

पांढरं व्हिनेगर आणि तितकंच डिस्टिल्ड पाणी घे. हल सावलीत, हाताला गार लागला पाहिजे. आधी कोपऱ्यात करून बघ. मग मायक्रोफायबर टॉवेल त्यात भिजवून डागांवर दोन-तीन मिनिटं चिकटवून ठेव. वाळू द्यायचं नाही. हलकं पुसून भरपूर पाण्याने धू आणि लगेच कोरडं कर. जोर लावू नकोस, काम आम्लाला करू दे. ब्लीच जवळपासही नको, व्हिनेगरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. काही जण टॉयलेट क्लीनर मारतात. दोन मिनिटांत चकाचक होतं खरं, पण त्यातलं आम्ल ट्रेलरच्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावर ठिबकलं की तो पत्रा खातं.

एवढं करूनही खूण राहिली आणि हाताच्या बोटाला काहीच लागत नसेल, तर क्षाराने कोटिंगलाच चरा पाडलाय. तिथे पॉलिश लागेल. पॉलिशने कोटिंगही निघतं, म्हणजे तेवढा भाग पुन्हा कोट करायचा.

आता पुढचं. रॅम्पवर (बोट पाण्याबाहेर काढतात तो उतार) बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचलेलं) आणि लाइव्हवेलचं (जिवंत मासे ठेवायच्या टाकीतलं) पाणी सोडणं टेक्ससमध्ये कायद्यानेच लागतं (बोटीतल्या पाण्यातून पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांची कृपा, आपल्या तलावात ते 2017 मध्ये सापडले). तळाचा प्लग (बूच) काढलास की पाणी गळेपर्यंत तिथेच हल पुसून घे. घरी आणून पुसू म्हटलंस तर जुलैच्या उन्हात हायवेवरच वाळतं. आणि घरच्या होजने धुऊन तसंच सोडू नकोस. आमच्याकडे विहिरीचं पाणी. पहिल्या वर्षी मी बोट धुऊन धुऊन जास्त डाग पाडले! आता होजला डीआयोनायझर, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर, जोडलाय. टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) आठवतो ना, पुण्याच्या घरी आरओवाला ग्लासात बुडवून घाबरवतो तो? तोच लावून बघतो. शून्याच्या आसपास आहे तोवर न पुसताही डाग पडत नाही. आकडा चढला की फिल्टरमधलं रेझिन (क्षार पकडणारे दाणे) बदलायचं. महाग आहे, म्हणून फक्त शेवटच्या धुण्याला.

– लेकवेचे बोटकाका

---

काका, रविवारी केलं. दोन फेऱ्यांत जवळजवळ सगळे गेले, पाणी पुन्हा मोत्यासारखं घरंगळतंय. इंजिनाजवळच्या चार-पाच चकत्या उरल्यात, त्यांची कड नखाला अडकते. चरे पडले म्हणायचे का?

---

नख अडकतंय म्हणजे थर अजून वर आहे. आनंदाची गोष्ट आहे. टॉवेल आणखी एकदा ठेव. आणि सहलीला कोरडे टॉवेल चार जास्त आण, रॅम्पवर तू एका बाजूने पूस, मी दुसऱ्या बाजूने.

– बोटकाका

---

ताम्हणं मात्र मी चिंचेनेच घासणार.

– काकू