प्रतिसाद: प्रेअरीतल्या गावातला चिनी कॅफे

कॅनडाच्या प्रेअरीतल्या, म्हणजे सपाट गवताळ मैदानांतल्या, सॅस्कॅचेवान प्रांतातल्या जुन्या गावांवरच्या वरच्या लेखात म्हटलंय, की त्या गावांचा जीव धान्याच्या एलेव्हेटरमध्ये, म्हणजे रेल्वेकाठच्या उंच कोठारात होता; हे पटलं. घोडागाडीतून गहू आणून त्याच दिवशी घरी परतता यावं, म्हणून रेल्वेमार्गावर दहा-पंधरा किलोमीटरवर एलेव्हेटर आणि त्याच्या आजूबाजूला गाव. पण लोहार, किराणा, बँक, हार्डवेअर अशी गावातल्या दुकानांची जी यादी त्या लेखात आहे, तीत चिनी कॅफे कुठेच आला नाही, आणि तो यायलाच हवा. गहू उतरवून झाला की शेतकरी तिथेच कॉफी आणि पाय (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) घ्यायला बसत. कितीतरी गावांत बाहेर जेवायची तेवढी एकच जागा होती.

तो कॅफे चालवणारा चिनी माणूस बहुतेक वेळा एकटा असे, आणि हे एकटेपण कायद्याने लादलेलं होतं. 1903 पासून कॅनडात येणाऱ्या चिनी माणसाला 500 डॉलर डोईपट्टी भरावी लागे, 1923 ते 1947 या काळात तर दार जवळजवळ बंदच होतं. बायकामुलं चीनमध्येच राहिली. त्यात 1912 मध्ये सॅस्कॅचेवानने चिनी मालकांना गोऱ्या बायका कामावर ठेवायला बंदी केली. तिथल्याच मूस जॉ शहरातले रेस्टॉरंटवाले क्वाँग विंग त्याविरुद्ध थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1914 मध्ये हरले. गावाला रोज जेवू घालणाऱ्या माणसाशी राज्य असं वागलं, हे वाचून मला अजूनही संताप येतो. गावाच्या आठवणी लिहिताना एलेव्हेटरच्या फोटोशेजारी त्या कॅफेवाल्याचं नावही शोधून लिहा.