मदत हवी आहे: जुन्या पीसीवर विंडोज ७ बदलायची की पीसीच बदलायचा?

जिंतूर तालुक्यातलं सेवा केंद्र. पीसी इंटेल आय३-४१३० (चौथी पिढी), एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्डडिस्क. विंडोज ७, तीही ३२-बिट, म्हणजे रॅम पूर्ण वापरातच येत नाही. क्रोम १०९ वर अडकलंय. त्यापुढची आवृत्ती ७ वर चालत नाही, त्यामुळे काही पोर्टल उघडतच नाहीत.

पीसी मधूनच मिनिटभर गोठतो. डिस्क तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो ‘कॉशन’ (धोक्याची सूचना) दाखवतंय, रीअलोकेटेड सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा) वाढताहेत. म्हणजे निम्मा दोष हार्डडिस्कचा, त्याच डिस्कवर नवी विंडोज टाकण्यात अर्थ नाही. २४० जीबी साटा एसएसडी आणि ८ जीबी रॅम हे ठरलंय. ३२ वरून ६४-बिटला थेट अपग्रेड होत नाही, क्लीन इन्स्टॉलच (जुनी विंडोज पुसून नव्यानं टाकणं) करावं लागेल. डेटाचा बॅकअप आधीच घेतलाय.

अडलंय ते पुढं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. ही अट बायपास करून (तपासणी टाळून) ११ बसते, पण पुढचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स मिंट ही सिस्टीम हलकी आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे. पण अंगठ्याचं मशीन आणि डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी) तिथं चालेल का? केंद्राचा सगळा धंदा त्या दोन यंत्रांवर आहे, शेतकऱ्याला दुसऱ्यांदा हेलपाटा नको.

परभणी, हिंगोली, नांदेडकडं चौथ्या पिढीच्या पीसीवर बायपासवाली ११ रोज वापरणारं कुणी आहे का? अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर नीट चालतो का? की सेकंडहँड आठव्या पिढीचा पीसीच घ्यावा? यंत्राचं मॉडेल लिहून सांगा.