भिवंडीत झालं होतं की

सोसायट्यांमधल्या घरफोड्यांवरून वर कोणीतरी लिहिलंय की पोलिसांबरोबर मिटिंगा घेऊन काही होत नसतं, नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम. अहो पण भिवंडी बघा ना, १९७० आणि १९८४ ला तिथे केवढ्या दंगली झाल्या, नंतर सुरेश खोपडे तिथे डीसीपी (पोलीस उपायुक्त) असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, हिंदू मुसलमान दोघंही त्यात, पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं जास्त, आणि बसायचं कोणाबरोबर तर बीटवरच्या (त्या भागाची गस्त ज्याच्याकडे त्या) पोलिसाबरोबर, म्हणजे वाद लहान असतानाच चौकीत कळायचा. डिसेंबर ९२ - जानेवारी ९३ ला शेजारी मुंबई पेटलेली आणि भिवंडी शांत राहिली!! मुंबईत अशा कमिट्या आल्या त्या दंगलीनंतर.

घरफोड्या आणि दंगल वेगळी गोष्ट, मान्य. पण आपल्यापैकी किती जणांना आपला बीट हवालदार तोंडओळखीचा तरी आहे? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएसआय साहेबांना अ‍ॅड केलं की झालं असं वाटतं लोकांना, आणि मग तिथे येतं काय, तर गुड मॉर्निंग आणि 'संशयित' म्हणून बिचाऱ्या भंगारवाल्याचा फोटो. ते आधी बंद करा राव, खरंच शंका आली तर सरळ ११२ लावा.