[मंडळ-यादी] गावाकडच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा ब्लिंक होतोय

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, पण गाड्यांतलं कळणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारते. बाबा दारव्हा तालुक्यात गावी असतात. २०१७ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडरची. दसऱ्यापासून चेक इंजिनचा दिवा लागलाय. सरळ रस्त्यावर हळू चालवली तर तो नुसता जळत असतो. चढावर किंवा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलेटर दाबला की ब्लिंक व्हायला लागतो आणि, बाबांच्या शब्दांत, "गाडी हिसके देऊन रायली." गावातला मिस्त्री म्हणतो सेन्सर गेले, सगळे बदलू. यवतमाळचं सर्व्हिस सेंटर चाळीसेक किलोमीटरवर. बाबा म्हणतात हळूहळू घेऊन जातो. जाऊ द्यावं का? कापसाची वेचणी सुरू आहे, गाडी रोज लागते.

---

उत्तर:

ताई, बॅटरीचं टर्मिनल थोडा वेळ काढून ठेवायला सांगा, दिवा जातो. नाहीच गेला तर टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली. आणि मंडळी, दिवाळी फराळाला किती जण येणार ते रविवारपर्यंत कळवा, अजून निम्म्या घरांचं उत्तर नाही.

---

उत्तर:

टर्मिनल काढू नका! दिवा जाईल, पण सोबत ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, साठलेला दोषाचा कोडही पुसला जाईल. दोष मात्र आहे तिथेच राहील.

बेटा, दिवा नुसता जळत असेल तर सवडीने दाखवलं तरी बहुतेक वेळा चालतं. ब्लिंक होतोय म्हणजे गाडी जोरात मिसिंग मारतेय. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी वितळते. कन्व्हर्टरची किंमत कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि प्लग (ठिणगी पाडणारा) यांच्या कितीतरी पट असते. तेव्हा यवतमाळपर्यंत चालवत नेणं नको, टोचन करून न्या. आणि तोवर गाडी पऱ्हाटीच्या किंवा कडब्याच्या ढिगाजवळ अजिबात उभी करायची नाही. कन्व्हर्टर लालबुंद होऊ शकतो, खाली वाळलं गवत असेल तर पेट घेईल.

दाबल्यावरच का होतं? अ‍ॅक्सिलेटर दिला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. कॉइल अशक्त असेल किंवा प्लगची गॅप वाढलेली असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, भागतं, चढावर दम निघतो. कॉइलच्या रबरी बुटाला (प्लगवर बसणारी नळी) चीर असेल तर ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाजूच्या धातूत उडते.

दसऱ्यापासून म्हणालीस म्हणून विचारतो. पूजेआधी बॉनेट उघडून इंजिनवर विहिरीच्या मोटारीचा पाइप धरला होता का? माझं गाव अकोटकडचं, आमच्याकडे दसऱ्याला हेच चालतं. पाणी प्लगच्या खोबणीत उतरतं आणि तिथेच साचून राहतं.

सेन्सर सगळे बदलणे म्हणजे अंधारात दगड मारणे. आधी स्कॅनर लावू दे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, साधा ब्लूटूथवाला अ‍ॅडॅप्टर नि मोबाइल असला तरी कोड वाचता येतो. पी ०३०१ ते ०३०४ आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावायची, कोड पुसायचा आणि थोडंसं चालवून बघायचं. कोड कॉइलमागे गेला तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही तर प्लग तसाच बदलून बघायचा, मग वायरिंग आणि शेवटी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. वायरिंग नीट बघा. घरात कापूस भरला की उंदीर येतात आणि त्यांना वायर फार आवडते. कोड नुसता ०३०० असेल तर दोष एका सिलिंडरचा नसेलही. मग पेट्रोलचा दाब, पंप, हवेची गळती तपासावी लागेल.

---

उत्तर:

काका, इंजिन धुतलंच होतं. बाबा म्हणाले, "मंग काय पूजेले मळकी गाडी ठेवू?"

दारव्ह्याहून एक मुलगा स्कॅनर घेऊन आला. पी ०३०२. दोन नंबरची कॉइल उपसली तर खोबणीत पाणी आणि बुटाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. त्याने व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून दाखवली. सगळं कोरडं करून दोन-तीनच्या कॉइलची अदलाबदल केली, बाबांनी गाडी पुलाच्या चढापर्यंत नेली. दिवा ब्लिंक झाला, कोड आला ०३०३. मिस्त्री अजून सेन्सरवरच अडून आहे.

---

उत्तर:

मिस्त्रीला अडू दे. कॉइल बुटासकट नवी घ्या आणि चारही प्लग बदला. बुटात रेघ आहे म्हणजे दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तशीच रेघ असणार. तो जुना प्लग ठेवला तर नवा बूटही त्याच वाटेने जळेल. प्लग इंजिन पूर्ण गार झाल्यावरच खोलायचे, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना जातात. आणि बसवताना आधी हाताने फिरवून, मग पाना. नवीन लावल्यावर त्याच चढावर नेऊन बघा. गाडी तरीही पिकअप घेत नसेल तर कन्व्हर्टर तुंबलाय का ते तपासून घ्यावं लागेल, कारण दसऱ्यापासून ती तशीच चालली आहे.