पाहणी समिती आली, पंधरा प्रबंध वाचून गेली: युरोपातल्या विद्यापीठांची गुणवत्ता मोजायची कुणी?

कालव्याकाठचा

गेल्या महिन्यात आमच्याकडे पाहणी समिती येऊन गेली. अभ्यासक्रमाची मान्यता टिकते की नाही ते तपासणारी ही बाहेरच्या तज्ज्ञांची समिती दर सहा वर्षांनी येते. तिच्यासाठी आम्ही आठ महिने स्वमूल्यमापन अहवाल लिहीत होतो, आणि त्या आठ महिन्यांत वर्गात काय चाललंय यावर आमची एकदाही धड चर्चा झाली नाही. म्हणून हा धागा.

मी नेदरलँड्समधल्या एका होगेस्कूलमध्ये शिकवतो. होगेस्कूल म्हणजे संशोधनापेक्षा व्यवसायाकडे तोंड असलेली उच्चशिक्षण संस्था. अभ्यासक्रम इंग्रजीतून. वर्गात ३१ मुलं, १४ देशांची. डच मुलगा दहापैकी साडेपाच गुणांना पास होतो आणि सहा मिळाले की सायकलवर टांग टाकून खुशीत घरी जातो. इथे याला 'सहाची संस्कृती' असा शब्दच आहे. त्याच वर्गातली नाशिकची मुलगी साडेसहा बघून माझ्या दाराबाहेर डोळे पुसत उभी असते, कारण तिच्या हिशेबी हे ६५ टक्के झाले आणि आता आईला काय सांगायचं. इटलीहून एका सत्रासाठी आलेला विचारतो, सर, याचे ३० पैकी किती? डेन्मार्कची मुलगी तर अशा पट्टीवर वाढलेली की जिच्यात सगळ्यात वरचा गुण १२ आणि सगळ्यात खालचा उणे ३.

युरोपने यावर डोकं चालवलं नाही असं नाही. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पदव्यांचे टप्पे सारखे झाले, वर्षाला ६० क्रेडिट हे माप सगळीकडे रुळलं. गुणांसाठीही ए ते ई अशी सामायिक श्रेणी काढून पाहिली (पास झालेल्यांतले वरचे १० टक्के ए, पुढचे २५ टक्के बी, असं), पण ती २००९ मध्ये गुंडाळावी लागली. त्याआधीच २००५ मध्ये बर्गेनला गुणवत्तेची युरोपीय मानकं मंजूर झाली, २०१५ मध्ये येरेव्हानला ती सुधारली. आणि गंमत अशी की त्या दस्तऐवजातच लिहून ठेवलंय, ही गुणवत्तेची मानकं नव्हेत. गुणवत्ता राखण्याची व्यवस्था कशी असावी, याची ती आहेत. म्हणजे भाजी खारट झालीय का ते कुणी बघणार नाही, मिठाचा डबा फळीवर आहे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलीय एवढं बघून जाणार.

आमच्या समितीने पंधरा प्रबंध वाचले, दीड दिवस मुलाखती घेतल्या आणि गेली. भारतीय आणि व्हिएतनामी मुलं गटकार्यात गप्प का बसतात, पहिल्या वर्षी कोण गळतं, तोंडी परीक्षेत अस्खलित इंग्रजीचे किती गुण फुकट मिळतात, यावर एक प्रश्न नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बाहेरच्या समितीला फक्त प्रबंध वाचू द्या. बाकीचा वेळ शिक्षकांना द्या, एकमेकांचे पेपर आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायला. इथे 'चार डोळ्यांचं तत्त्व' म्हणतात: प्रश्नपत्रिका असो की प्रबंध, दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. ते नीट पाळलं तरी पुष्कळ झालं.

---

रूहरचा राजू

असहमत. अगदी मुळापासून.

मी जर्मनीत मास्टर्स करताना विद्यार्थी सदस्य म्हणून अशा तीन समित्यांवर बसलोय. समितीत विद्यार्थी असायलाच हवा, हे त्याच मानकांत लिहिलंय ज्यांची तुम्ही टर उडवताय. एका ठिकाणी आम्ही प्राध्यापकांना बाहेर पाठवलं आणि फक्त मुलांशी बोललो. पहिली दहा मिनिटं 'ऑल गुड, ऑल गुड'. मग एक नायजेरियन मुलगी म्हणाली, अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे पण प्रयोगशाळेतल्या सुरक्षेच्या सूचना सगळ्या जर्मनमधून. विभागातल्या एकाही शिक्षकाला हे चार वर्षांत दिसलं नव्हतं, कारण त्यांचे चारच्या जागी चाळीस डोळे असते तरी ते सगळे जर्मन वाचणारे होते. आम्ही ती अट घातली. मुदतीत पुरी केली नाही तर मान्यता अडकते, म्हणून पुरी झाली.

तुमच्या नाशिकच्या मुलीला तुमच्या सहकाऱ्यांच्या सद्भावनेवर सोडायचं का?

---

कालव्याकाठचा

राजू, तुमची समिती चांगली होती. आमच्या समितीने मुलांशी बोलायला पाऊण तास ठेवला होता आणि ती मुलं कोण आणायची ते आम्हीच ठरवलं. आम्ही कुणाला आणलं असेल?

आणि तुमची ती कडक मान्यता असताना काय झालं तेही बघा. इनहॉलंड या मोठ्या होगेस्कूलमध्ये रखडलेल्या मुलांना सोप्या वाटेने पदव्या वाटल्याचं २०१० मध्ये बाहेर आलं. वृत्तपत्रांमुळे आलं, समितीमुळे नव्हे.

---

रूहरचा राजू

हेच उदाहरण मी देणार होतो. पदव्या वाटल्या कुणी? आतल्यांनी. वर्षानुवर्षं एकमेकांना सांभाळून घेणाऱ्यांनी. आणि तुम्ही म्हणताय सगळं आतल्यांकडे द्या! त्या प्रकरणानंतर नेदरलँड्समध्ये परीक्षा मंडळांना कणा आला आणि प्रत्यक्ष दर्जा काय निघतो यावर भर आला.

शिवाय तुम्ही मागताय ते जर्मनीत काही अंशी आहेच. विद्यापीठाची आतली यंत्रणा एकदा तपासून घ्यायची, मग ते आपले अभ्यासक्रम आपणच मान्य करतं. पण ती यंत्रणा तपासायला बाहेरचेच लागतात.

---

जुना डिप्लोमवाला

दोघंही मुळाला हात घालत नाही. बोलोन्याच्या आधी जर्मनीत डिप्लोम-इंजिनिअर ही पदवी होती. पाच-सहा वर्षं घासायचं, पण कंपनीत ती तीन अक्षरं सांगितली की पुढे कुणी विचारत नसे. बॅचलर-मास्टरचे तुकडे करून तिची वाट लावली. तेव्हा कुठल्याही समितीशिवाय गुणवत्ता होती.

---

रूहरचा राजू

काका, तेव्हा तुमच्या वर्गात १४ देशांची मुलं होती का? आणि पहिल्या दोन वर्षांत किती गळायची, तेही सांगा की.

---

जुना डिप्लोमवाला

गळायची. गळायलाच हवीत.

---

अनुदानित मास्तर

मराठवाड्यातून वाचतोय. नोकरीची एकोणतीस वर्षं झाली, तीनदा नॅकची (महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) समिती अंगावरून गेलीय. तुमचं दुखणं वाचून, खरं सांगतो, हेवा वाटला.

समिती पंधरा प्रबंध वाचते? आमच्याकडे गेल्या वेळी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही फायलींचे कणे रंगवत होतो. निळा पहिल्या निकषाला, हिरवा दुसऱ्याला. गेटपासून रांगोळी, रोपवाटिकेतून उसन्या आणलेल्या कुंड्या, आणि एनसीसीची मुलं सकाळी सातपासून उन्हात. ग्रंथालयात आदल्या आठवड्यात जी वाचकांची नोंदवही 'पूर्ण' केली, तिच्यात माझ्या वारलेल्या सहकाऱ्याचीही सही निघाली. श्रेणी चांगली मिळाली. कुंड्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या.

तेव्हा राजूसाहेब, बाहेरची समिती म्हणजे गंगास्नान नव्हे. आणि कालव्याकाठचे, आतल्यांनी एकमेकांच्या उत्तरपत्रिका बघायच्या हे तुमच्याकडे जमत असेल. आमच्याकडे बघणारा आणि दाखवणारा एकाच पतसंस्थेचे संचालक असतात. दोन्ही उपाय माणसांवर येऊन अडतात. माझा कल तरीही बाहेरच्यांकडे आहे, कारण निदान पाच वर्षांतून एकदा संडासाला नवी दारं बसतात. ही थट्टा नाही, मुलींना विचारा.

---

तळटीप

एक वेगळा मुद्दा. मी तीन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या सामायिक मास्टर्सच्या कार्यालयात काम करते. २०१९ मध्ये युरोपीय विद्यापीठांच्या पहिल्या १७ आघाड्या निवडल्या गेल्या, त्यानंतर सगळ्यांना एकत्र पदवी द्यायची हौस आली. विद्यार्थी एकच, अभ्यासक्रम एकच, पण प्रत्येक देशाची मान्यता देणारी यंत्रणा वेगळी. एक म्हणते प्रबंध ३० क्रेडिटचा हवा, दुसरीला २० चालतात, तिसरी विचारते की तुमच्या दर प्राध्यापकामागे विद्यार्थी किती, आणि ही संख्या तीन विद्यापीठांत मिळून मोजायची कशी ते सांगत नाही. २०१५ मध्येच 'एकदाच तपासा, सगळीकडे धरा' अशी युरोपीय पद्धत मान्य झालीय. कागदावर. काही देशांचे कायदे अजून आडवे येतात.

मला विचाराल तर वैविध्याचा प्रश्न मुलांच्या आधी यंत्रणांचा आहे. पण तपासणीच नको, हे मी म्हणणार नाही. तीन विद्यापीठांच्या प्राध्यापकांना एका टेबलाशी बसवून 'आपल्याकडे नापास कुणाला म्हणायचं' हे ठरवायला लावलं ते तपासणीसाठी लिहाव्या लागलेल्या अहवालानेच. नाहीतर पाच वर्षं गोड गोड ईमेल चालले असते.

---

कालव्याकाठचा

तळटीप, तुमचं शेवटचं वाक्य मला टोचलं. टेबलाशी बसवायला अहवाल लागला, हे खरं असेल. आमच्याकडे अहवालाने उलटं केलं. तो 'गुणवत्ता अधिकारी' नावाच्या पदाने लिहिला आणि आम्ही मजकूर पुरवणारे झालो.

---

तळटीप

मग तक्रार समितीबद्दल नाही, तुमच्या गुणवत्ता अधिकाऱ्याबद्दल आहे.

---

मोजपट्टी

समित्यांचं जाऊ द्या, लोक बघतात ती क्रमवारी. तिथे युरोपात हवा बदलतेय. उट्रेख्ट विद्यापीठ २०२३ मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीतून बाहेर पडलं, झुरिकने २०२४ मध्ये तेच केलं. संशोधकाला केवळ लेखांची संख्या आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचे सरासरी किती दाखले दिले जातात तो आकडा) यावर तोलायचं नाही, या २०२२ च्या करारावर शेकडो संस्थांनी सह्या केल्यात. भाषा, देश, उद्दिष्ट सगळं वेगळं असलेल्या संस्थांना एका आकड्यात बसवायचं हा मूर्खपणा आहे, हे निदान त्यांना कळलं. लक्झेंबर्गचं विद्यापीठ २००३ मध्ये सुरू झालं, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा तीन भाषांत चालतं. इटलीतल्या बोल्झानोचं १९९७ मधलं, तिथे जर्मन, इटालियन, इंग्रजी. तीन भाषांत परीक्षा देऊन बाहेर पडणारा विद्यार्थी ही गुणवत्ता कुठल्या रकान्यात भरणार?

---

शाहूनगरी

मोजपट्टी, बोलायला छान आहे. पण महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. माझी धाकटी बहीण त्याच यादीवर बोट ठेवून अर्ज करतेय. (हो, टाइम्सची वेगळी, क्यूएसची वेगळी, माहीत आहे. पण वारा एकाच दिशेचा आहे.) ज्या घरात याआधी कुणी परदेशी गेलेलं नाही, त्या घराला बोलोन्या, बर्गेन, येरेव्हान काय कळणार? आकडा कळतो. तुम्ही तत्त्वासाठी आकडा मोडाल, तुमची मुलं ओळखीपाळखीतून चांगलं विद्यापीठ शोधतील. आमचं काय?

---

मोजपट्टी

हा विचार मी केला नव्हता. तरी दोष त्या शासन निर्णयाचा आहे असं वाटतं. बोल्झानोत जाऊ पाहणारी हुशार मुलगी केवळ क्रमांकामुळे का अडावी?

---

शाहूनगरी

अडू नयेच. पण शासन निर्णय बदलेपर्यंत क्रमांक राहू द्या.

---

चौसष्ट टक्के

सगळे विद्यापीठांचं मोजमाप बोलताय, आमचं कसं होतं ते ऐका. जर्मनीत परदेशी गुण तिथल्या श्रेणीत बदलायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' आहे, आणि तिथे आकडा जितका कमी तितका चांगला. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेच्या गुणांनी भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. माझे पुण्याच्या इंजिनिअरिंगचे ६४ टक्के, पासिंग ४०. उत्तर २.८. मला हव्या त्या मास्टर्सची मर्यादा २.५, म्हणजे ७० टक्के. बाहेर!

आमच्या वर्षी ६४ टक्के म्हणजे वर्गात पाचवा होतो, हे सूत्राला कोण सांगणार? दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राला ७४ होते, तिथे ७४ ला सगळेच होते. कालव्याकाठच्यांनी सांगितलेली ती 'वरचे १० टक्के ए' पद्धत असती तर मी सुटलो असतो.

---

कालव्याकाठचा

बरोबर. ती पद्धत बुडण्याचं कारणही सांगतो, निदान माझ्या अनुभवातलं: बारा मुलांच्या वर्गात वरचे १० टक्के म्हणजे एक मुलगा आणि दुसऱ्याचा पाय.

---

सौ. साठ्ये, डोंबिवली

चर्चा छान चालू आहे, मध्येच विचारते. भाचीला नेदरलँड्समध्ये दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. दोघांचीही माहितीपत्रकं सारखीच गुळगुळीत, दोन्हीकडे हिरवळीवर हसणारी मुलं. चांगलं कुठलं हे कसं ओळखायचं?

---

कालव्याकाठचा

काकू, माहितीपत्रक बाजूला ठेवा. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पाहणी समितीचा पूर्ण अहवाल जाहीर करावा लागतो, तसा नियम आहे. जालावर सापडेल, इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाचा बहुधा इंग्रजीतच असतो. प्रबंधांचा दर्जा आणि परीक्षा यावर काय लिहिलंय ते भाचीला वाचायला सांगा.

---

रूहरचा राजू

एक मिनिट. कुठल्या समितीचा अहवाल म्हणालात?

---

कालव्याकाठचा

सापडलो. पण काकू, पहिली पानं सोडून द्या, ती आमच्यासारख्यांनी पुरवलेल्या मजकुरावर बेतलेली असतात. शेवटच्या 'शिफारशी' तेवढ्या वाचा. तिथे 'अधिक लक्ष द्यावे' असं लिहिलेलं दिसलं, की तिथे सध्या कुणाचंच लक्ष नाही असं समजा.