मदत हवी आहे: भाऊजींचं पिस्तूल आणि आमची दिवाळी

आम्ही ह्यूस्टनला असतो. धाकट्या दिरांनी पिस्तूल घेतलंय. पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये, गोळ्या भरलेलं, वर नुसता रुमाल. मी विषय काढला की, "वहिनी, १७९१ पासूनचा घटनादत्त हक्क आहे!" टेक्ससमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय हँडगन बाळगून फिरता येतं, तेच मला पटत नाही, पण तो वाद राहू दे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागलं, तर निष्काळजी मालकावर गुन्हा, हेही इथल्याच कायद्यात आहे ना! सासूबाई म्हणतात, सणासुदीला विषय नको. नवरा दोघांपुढे मान डोलावतो (नेहमीप्रमाणे).

दिवाळीत मुलं तिथे राहायला जाणार आहेत. कुलपाची पेटी मीच भाऊबीजेआधी नेऊन द्यावी, की नवऱ्याला बोलायला लावू? कुणी भांडण न होता हे जमवलंय का?