माठ फुटला की ‘क्रॅश’ का?

शमी: परवा भाचीला इंग्रजीतून मराठीत आलेलं एक चित्रपुस्तक वाचून दाखवत होते. संवाद सगळे मराठी, पण माठ फुटला तिथे ‘क्रॅश!’ आणि पोतं पडलं तिथे ‘थड!’. तिने विचारलं, “थड म्हणजे काय गं मावशी?” तो आवाज आहे हेच तिला कळलं नव्हतं. पोतं धप्पकन पडतं, पिकलेला फणस बदकन, ताट ठणकन, काच खळ्कन फुटते, विहिरीत दगड डुबुक करून जातो. काय पडलं आणि कशावर पडलं, हे शब्द ऐकताच समजतं. हे सोडून ‘थड’ कशाला? मला खरंच वाईट वाटलं.

रानवाट: आवाजाची अक्षरं चित्रातच रंगवलेली असतात. संवादाच्या फुग्यातला मजकूर बदलणं सोपं असतं, पण ही अक्षरं बदलायची तर मागचं चित्र पुन्हा काढावं लागतं. प्रकाशकाचा खर्चही बघा.

शमी: इथे ‘थड’ देवनागरीत होतं. म्हणजे अक्षरं नव्याने काढलीच होती. मग ‘धप्प’ काढायला वेगळा खर्च आला असता का?

उंबरठा: माझा विरोध मुळातच आहे. आपला कुत्रा भो भो करतो, इंग्रजांचा वूफ वूफ, कुत्रा एकच. म्हणजे ‘धप्प’ हासुद्धा आपला संकेतच. क्लिक, बीप आपण घेतलेच, हृदयाच्या ठोक्यांना लब-डब म्हणतो. आणि शहरातल्या मुलाने फणस पडताना कुठे ऐकलाय? त्याला ‘बूम’ पटकन कळतं.

कातळ: ‘पटकन’ लिहिलंत ना, तोही याच घराण्यातला! क्लिक, बीप खुशाल राहू देत, ते त्या यंत्रांबरोबर आले. माठ काही बाहेरून आलेला नाही. संकेत म्हणाल तर त्यालाही घडण आहे. थेंब टपटप पडतात, पोतं धप्प. ‘ट’ हलका, ‘ध’ जड. खुट्ट झालं तर कान टवकारतो, खाडकन झालं तर दचकतो. शिवाय हे शब्द वाढतात: खणखण, खणखणाट, खणखणणे, आणि नाण्यावरून माणसाच्या आवाजापर्यंत गेलेलं ‘खणखणीत’. धाडकन म्हणा, धाडदिशी म्हणा, दोन्ही चालतं. ‘थडकन’, ‘क्रॅशदिशी’ कोणी म्हणेल का?

उंबरठा: घडणीचं पटलं. पण मुलं हे शब्द पुस्तकातून नाही, घरातून शिकतात. घरात कोणी ‘बदकन’ म्हणत नसेल तर छापून काय होणार?

शमी: म्हणूनच छापायला हवं. भाचीला ‘थड’च्या जागी ‘धप्प’ वाचून दाखवलं, तर तिने लगेच उशी जमिनीवर टाकून पाहिली.

रानवाट: मोबाइल फरशीवर सपाट पडतो, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे ‘फाटकन पडला’.